पेडल कडक लागलं, म्हणजे हवा गेली?

मंडळी, आधी मीच एक विचारतो. ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढताना गाडीत बसून पेडल दाबायचं काम इथं किती जणांनी केलंय? हात वर करा. बरेच आहेत की! म्हणजे ‘दाब, धर, सोड’ या तीन शब्दांचा अर्थ सांगायला नको. बाहेरचा पान्यानं चाकापाशी असलेलं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करतो, आतल्याचा पाय खाली जातो, निपल पुन्हा आवळलं की मगच ‘सोड’ ऐकू येतं. पाय क्षणभर आधी उचलला, तर बाहेर काढलेली हवा त्याच वाटेनं परत आत.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत हेच काम कसं करायचं, हा आजचा विषय. त्यात माझं एक ठाम म्हणणं आहे आणि ते मी बरीच वर्षं भेटेल त्याला सांगत आलोय. पेडल मऊ लागलं की लोक लगेच एबीएसवर बोट ठेवतात, आणि बहुतेक वेळा ते निर्दोष असतं. पण जेव्हा हवा खरोखर एबीएसच्या पोटात असते, तेव्हा पेडल छान कडक लागू शकतं! म्हणून फक्त पायाच्या साक्षीवर निकाल देऊ नका.

तिकडे जाण्याआधी एका शब्दाबद्दल बोलतो, कारण तो मला छळतो. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो. ते ऑइल नाही हो. बाटलीवर प्रत लिहिलेली असते, त्यातले डॉट 3, डॉट 4, डॉट 5.1 हे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत. नावात ऑइल आहे म्हणून कुणी तरी रिझर्व्हायरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या द्रवाच्या डब्यात, खरंच खनिज तेल ओततो, आणि पेडलनं द्रवावर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून चाकाची डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरपर्यंतची रबरं फुगतात. मग नुसतं धुऊन भागत नाही, रबरं असलेला एकूण एक भाग बदलावा लागतो. दुसरं म्हणजे हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 वर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ धरते, आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणून दोन वर्षांनी द्रव बदला, आणि महिनोन्‌महिने उघडी पडलेली बाटली वापरू नका. डॉट 5 हे आकड्यानं 5.1 च्या शेजारी दिसतं, पण ते सिलिकॉनचं. ते एबीएसच्या गाडीत घालायचं नाही.

आता ती गोष्ट. मी काम शिकत होतो तेव्हाची. एका गाडीचे पुढचे दोन्ही कॅलिपर जाम झाले होते. ते उतरवले, पिस्टन काढले, साफ केले, नवीन रबरं घालून परत बसवले. मग हवा काढायला घेतली. मी आत, माझा सोबती बाहेर. दाब, धर, सोड. चारही चाकं झाली, पेडल जमिनीला. पुन्हा चार चाकं. नळीतून द्रव अगदी स्वच्छ येतोय, एक बुडबुडा दिसत नाही, आणि पेडल मात्र स्पंजासारखं. दोन बाटल्या संपल्या. संध्याकाळी सगळ्यांचं एकमत झालं, हवा एबीएसमध्ये अडकली, मॉड्युलेटरच, म्हणजे एबीएसच्या झडपा आणि पंप असलेला ठोकळाच, बदलावा लागणार. गाडीच्या मालकांना तसं कळवलंसुद्धा. त्यांचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी आमचे मोठे मिस्त्री आले. त्यांनी पाना घेतला नाही, पेडल दाबलं नाही. चाकापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, “अरे, निपल कुठं आहे?”

निपल खाली होतं. डावा कॅलिपर उजवीकडे बसला होता आणि उजवा डावीकडे. बोल्ट बसले, पाइप बसला, कुठं काही अडलं नाही. पण हवा वर चढते, म्हणून निपल कॅलिपरच्या माथ्यावर असावं लागतं. आमचं निपल तळाशी, त्यामुळे तळातला द्रव निमूट बाहेर येत होता आणि हवेचा फुगा वर ठाण मांडून होता. “हवेला दार पाहिजे बाळा, आणि दार वर पाहिजे,” असं म्हणून मिस्त्रींनी कॅलिपरची अदलाबदल करायला लावली. थोड्याच वेळात पेडल दगडासारखं! ज्या एबीएसला आम्ही दोषी ठरवलं होतं, त्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणून मॉड्युलेटरकडे बघण्याआधी निपलची जागा बघा, कुठं गळतंय का ते बघा, मागे ड्रम असतील तर त्यांचं अ‍ॅडजस्टमेंट बघा. ड्रममधलं अंतर वाढलं तरी पेडल खाली जातं, आणि लोक तासन्‌तास हवा काढत बसतात. पिस्टन मागे ढकलायचा असेल तर...

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. पिस्टनचं राहू द्या, मुख्य मुद्दा घेतो.

1978 साली बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. तेव्हापासून रचना पुष्कळ बदलली, पण आजच्या नेहमीच्या गाड्यांत प्रत्येक चाकाला दोन झडपा असतात. आत येणारी झडप एरवी उघडी, बाहेर जाणारी एरवी बंद. रोजच्या ब्रेकिंगमध्ये द्रव उघड्या झडपेतून सरळ चाकाकडे जातो. चाक लॉक होऊ लागलं की पहिली बंद होते, दुसरी उघडते, आणि दाबाखालचा द्रव थोडा वेळ साठवणाऱ्या एका छोट्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये उतरतो. तिथून पंप तो परत मास्टर सिलिंडरच्या बाजूला ढकलतो. तुमच्या पायाला जी थरथर जाणवते ती हीच. त्या वेळी पाय उचलू नका.

आता बघा, बंद झडपेच्या पलीकडे, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर आणि पंपाच्या खोलीत, हवा राहिली तर? पेडलचा दाब तिथं पोचतच नाही. त्यामुळे हवा काढताना ती निघत नाही आणि पायालाही जाणवत नाही. पुढे कधी तरी ओल्या रस्त्यावर एबीएस चालतं, पंप ती हवा मुख्य वाटेत आणून सोडतो, आणि ऐन गरजेच्या वेळी पेडल खोल जातं.

ही हवा तिथं शिरते कशी? मॉड्युलेटर कोरडा बसवला, रिझर्व्हायर रिकामं पडलं, किंवा पाइपात हवा असतानाच एबीएस चाललं, तर. नुसता कॅलिपर किंवा होज, म्हणजे रबरी नळी, बदललात आणि रिझर्व्हायर भरलेलं ठेवलंत, तर बहुतेक गाड्यांत साधी पद्धत पुरते.

शंका असेल तर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला जोडायचं तपासणीचं यंत्र, हवाच. आधी चारही चाकांची हवा नेहमीसारखी काढा. मग बॅटरीला चार्जर लावून स्कॅनरवरचा एबीएस ब्लीडिंगचा, म्हणजे हवा काढायचा, कार्यक्रम चालवा. तो झडपा आणि पंप हलवून कोंडलेली हवा बाहेर आणतो. त्यानंतर चारही चाकं पुन्हा. ही शेवटची फेरी टाळू नका, कारण हवा आता कुठं वाटेला लागलेली असते. चाकांचा क्रम त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच. ‘सगळ्यात लांबचं चाक आधी’ हा नियम प्रत्येक गाडीला लागू नाही. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचा न वापरलेला भाग गंजलेला असतो, तिथं रबर घासून फाटतं. काही जुन्या एबीएसमध्ये जास्त दाबाचा साठा असतो. तिथं पाइप उघडण्याआधी इग्निशन बंद ठेवून पेडल वीस-पंचवीस वेळा दाबून तो दाब उतरवायचा. आणि पेडलचा दाब इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पोचवणाऱ्या गाड्यांत स्कॅनरशिवाय हातच घालू नका.

वेळ संपली. इथं टेबलावर एक कापलेला मॉड्युलेटर ठेवलाय. जाताना त्यातला अ‍ॅक्युम्युलेटरचा पिस्टन बोटानं दाबून बघा, म्हणजे ती कोंडलेली खोली किती लहान असते ते दिसेल.