मुक्काम सिपनेच्या काठी

श्रोतेहो, नमस्कार.

तंबूत राहायची हौस वऱ्हाडाला कुणी शहरातून येऊन शिकवलेली नाही. बहिरमच्या यात्रेत राहुट्या ठोकून मुक्काम करणारी घरं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सातपुड्याचा पायथा, पुस-माघाची थंडी, मातीच्या हंडीतलं मटण, निखाऱ्यातले रोडगे आणि रात्री सगळ्यांत मिळून दोनच घोंगड्या. त्यामुळे 'कॅम्पिंग' हा शब्द ऐकून आपल्या म्हाताऱ्या माणसांना हसू येतं, ते बरोबरच आहे.

पण यात्रेतली राहुटी आणि जंगलातल्या नदीकाठचा तंबू यांत एक फरक आहे. यात्रेत चारी बाजूंनी माणसं असतात, राहुटी हातभर इकडे लागली काय नि तिकडे लागली काय, फारसं बिघडत नाही. नदीकाठी मात्र तंबू कुठे लावला यावर तुमची अख्खी रात्र ठरते. आणि ही जागा अंधारात ठरवता येत नाही. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचंय. बाकी सगळं त्याच्याच आजूबाजूचं आहे.

मी बोलतोय ते मेळघाटाबद्दल. 1973-74 मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प निघाले, त्यातला हा एक. गाविलगडच्या डोंगररांगा, सागाचं जंगल आणि खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या पाच नद्या. पाचही शेवटी तापीला मिळतात. हा सगळा काळ्या पत्थराचा मुलूख. पाऊस भरपूर पडतो, पण हा खडक पाणी पोटात धरून ठेवत नाही. त्याचे दोन परिणाम. पावसाळ्यात नदी बघता बघता चढते, आणि उन्हाळा आला की धार तुटून फक्त डोह उरतात. नदीकाठी राहायला जाणाऱ्यानं या दोन गोष्टी डोक्यात ठेवल्या तरी अर्धं काम झालं.

राहायचं कुठे, हा प्रश्न आधी मिटवतो. गाडी थांबवली, नदी दिसली, लावला तंबू, असं इथे चालत नाही आणि चालूही नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि तिथे आग लावणं हा गुन्हा आहे. सेमाडोह, कोलकास, हरिसाल, शहानूर इथे वनविभागाची निवासाची सोय आहे. हद्दीबाहेरच्या गावांजवळ काही ठिकाणी चार-सहा तंबूंच्या छोट्या जागा असतात. एक हातपंप, एक चुलीची जागा, एक संडास, संपलं. मला स्वतःला ही छोटी जागाच आवडते. जिथे पन्नास तंबू आणि जनरेटर असतो, तिथे जाण्यापेक्षा लग्नाला जावं, जेवण तरी बरं मिळतं.

आता वेळेचं. अमरावतीहून माणसं जेवून-खाऊन निघतात. परतवाड्याला चहा, मग कुणाची औषधं राहिली, कुणाला पान पाहिजे, मग घाटात फोटो. पोचेपर्यंत दिवेलागण. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आधी मावळतो, आणि दरीत तर तो डोंगराआड त्याच्याही आधी जातो. मग गाडीच्या लाईटात तंबू लावायचा खेळ सुरू होतो. तीनच्या आत पोचा. पोचल्यावर सामान काढू नका. आधी काठानं एक चक्कर मारा.

चक्कर मारताना काय बघायचं? पहिल्यांदा झाडाझुडपांच्या फांद्या. काठावरच्या करंजाच्या, जांभळाच्या खालच्या फांद्यांत वाळलेल्या गवताचे, पालापाचोळ्याचे पुंजके अडकलेले दिसतील. कधी त्यात प्लास्टिकच्या पन्नीचा तुकडा, कधी चपलेचा पट्टा. नीट पाहिलंत तर हे पुंजके फांदीच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी येतं त्या बाजूला चेपून बसलेले असतात. पूर तिथवर आला होता, ही त्याची सही. आता तुमच्या पायाखालची जमीन त्या पुंजक्यांच्या खाली आहे की वर, ते बघा. खाली असेल तर तिथून उठा.

आमच्यासोबत एकदा गावातलाच एक कोरकू पोरगा होता, वाटाड्या म्हणून. माझा पुतण्या रेतीवर पाय पसरून बसलेला. "काका, इथंच लावू न तंबू. काय मऊ रेती आहे!" तो पोरगा काही बोलला नाही. पुतण्याची बॅग उचलली आणि चढावरून वर नेऊन ठेवली. मग म्हणाला, "भाऊ, रेती दिवसाची. रात्रीची जागा वर."

कुणी म्हणेल, हिवाळ्यात कसला आलाय पूर? हिवाळ्यात अवकाळी येतो, गारपीट येते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. तुमच्या डोक्यावर चांदणं असतं आणि वर डोंगरात पाऊस पडून गेलेला असतो. पाणी गढूळ झालं, त्यात काड्या-पानं वाहून येऊ लागली, खळखळीचा आवाज जाडा झाला, की विचार करत बसायचं नाही. सामान राहू द्यायचं, माणसं वर न्यायची.

दुसरं बघायचं ते जनावरांच्या वाटा. काठावर एखाद्या ठिकाणी माती घासून गुळगुळीत झालेली असते, चितळ-सांबरांच्या खुरांचे ठसे खाली डोहाकडे उतरलेले असतात. ती त्यांची पाण्याची वाट. फेब्रुवारीनंतर धार तुटली की तो डोहच आसपासच्या सगळ्या जनावरांचा पाणवठा. त्या वाटेत तंबू लावून शेकोटी पेटवली तर जनावर रात्रभर झाडीत उभं राहतं नि उपाशी नव्हे, तहानेलं परत जातं. वाघ दिसावा म्हणून पाणवठ्याशी बसायचं, असं काही हौशी लोक म्हणतात. त्यांना माझं एकच विचारणं आहे, तुमच्या घरच्या माठासमोर रात्रभर कुणी बॅटरी लावून बसलं तर चालेल का?

तिसरं, वर बघा. वाळलेली सालईची फांदी डोक्यावर नको. सालईचं लाकूड ठिसूळ, वारा नसतानाही मोडतं.

आणि थंडी. थंड हवा जड असते. रात्री ती डोंगराच्या उतारावरून घरंगळत नदीच्या पात्रात येऊन साचते. म्हणून पाण्यालगत झोपलेला कुडकुडतो आणि वीस-पंचवीस हात वर झोपलेला त्यापेक्षा बरा असतो. दहिवर पण खालीच जास्त. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं की लोकांना वाटतं तंबू गळका निघाला. तो आपल्याच श्वासाचा दमटपणा. जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवावी. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं आत घेऊ नका, अगदी पाच मिनिटांसाठीही नाही. बंद जागेत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. अंगाखाली मात्र भरपूर अंथरा. माणसं वरून तीन पांघरुणं घेतात नि खाली सतरंजी टाकतात. थंडी जमिनीतून येते, बाप्पा!

आता माझ्या आवडीचा विषय, चूल. जिथे चुलीची जागा आखून दिली आहे तिथेच पेटवायची, हे झालंच. जंगलातून सरपण गोळा करायचं नाही. मी म्हणतो, घरून गोवऱ्या न्या. पोत्यात बसतात, लाकडासारख्या ठिणग्या उडवत नाहीत आणि रोडग्याला हार, म्हणजे निखारा, गोवरीचाच लागतो. गव्हाचं जाडसर पीठ, ओवा, मीठ, थोडं तेलाचं मोहन, घट्ट मळायचं. पोळ्या लाटून एकावर एक तेल लावून ठेवायच्या, त्यांची मोट बांधल्यासारखा गोळा करायचा. गोवऱ्यांचा धूर बसून लाल हार झाला की त्यात पुरायचा. मधूनमधून उलटायचा, घाई करायची नाही. वाजवून पाहिला की भरीव आवाज जाऊन पोकळ येतो, तेव्हा काढायचा, राख झटकायची, फोडायचा आणि तुपात बुडवायचा. सोबत वांग्याची भाजी. या दिवसांत तुरीचे हिरवे सोले मिळतात, ते वांग्यात टाका. वरण असेल तर उत्तम, नसेल तर कुणाचं अडत नाही. बिबट्यापेक्षा मीठ विसरण्याची भीती बाळगा.

जेवून झालं की उष्टं, हाडं, तेलाचं भांडं तंबूबाहेर पसरून ठेवू नका. रानडुकरं येतात, आणि अस्वलाला वास लागला तर तेही येतं. मोहाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटेच्या अंधारात मोहाच्या झाडाखाली जाऊ नये. मोह वेचायला माणूसही त्याच वेळी निघतो नि अस्वलही, आणि अस्वल दचकलं की पळत नाही, अंगावर येतं.

विस्तव विझवण्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. वरून रेती लोटली की झालं, असं वाटतं. रेतीखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो, सकाळी कुणी अनवाणी त्यावर पाय देतं. पाणी ओता, काडीनं ढवळा, परत पाणी ओता. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन बघा. धग लागली तर अजून पाणी. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनविभागाच्या हिशेबानं आगीचा हंगाम. तेव्हा सागाची ताटाएवढी पानं गळून जमिनीवर कुरकुरीत थर झालेला असतो. त्या दिवसांत मी तर चूल पेटवूच नये म्हणतो. दशम्या आणि ठेचा घेऊन जा. आणि नदीतला ओला गोटा चुलीला लावू नका, आतलं पाणी तापून तो फुटतो.

रात्री नऊनंतर जंगल बोलायला लागतं. हे मी रेडिओवर सांगतोय, म्हणजे कानाच्या माणसांशी बोलतोय, तुम्हाला ते लवकर कळेल. रातवा सुरू होतो, चक-चक-चक करत. पाण्याजवळ टिटवी ओरडते. मध्येच सांबराचा 'ढाँक' असा भसाडा आवाज. एकदाच आला तर ते कशालाही दचकलं असेल. थांबून थांबून, एकाच दिशेकडून येत राहिला, तर वाघ-बिबट चालतोय असं समजायचं. चितळ घाबरट, उगाचही ओरडतं. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. अशा वेळी तंबूतच राहायचं, बॅटरी घेऊन बघायला निघायचं नाही.

आणि हे सगळं ऐकू कधी येतं? शेजारच्या तंबूतला तो डब्याएवढा स्पीकर बंद असेल तेव्हा! दरीत आवाज लांबवर जातो, पाण्यावरून तर फारच. एका टोळक्याला मी नम्रपणे म्हटलं, "भाऊ, जरा हळू." तर उत्तर आलं, "काका, एन्जॉय करा न तुम्ही पण." काय बोलणार? गाणी ऐकायची तर गावात डीजे काय कमी आहेत?

रात्रीच्या पाखरांवरून आठवलं. घुबडाच्या जातीचा रानपिंगळा नावाचा एक छोटा पक्षी 1884 नंतर कुणाला सापडलाच नव्हता, नामशेष झाला असंच धरून चालले होते. 1997 मध्ये तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि पुढे आपल्या मेळघाटातही. हा दिवसा फिरतो. म्हणजे सकाळच्या उन्हात वाळल्या फांदीवर गोल डोक्याचा पिंगळा दिसला तर नुसता साधा पिंगळा म्हणून सोडून देऊ नका. बघा नीट.

आता चावणाऱ्यांचं. मण्यार, म्हणजे आपला दांडेकार, रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दंश बारीक, कित्येकदा दुखतही नाही. म्हणून तंबूची चेन पूर्ण लावायची, बूट आत घ्यायचे, सकाळी झटकून घालायचे. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय हलू न देता थेट दवाखाना. धारणी आणि अचलपूर, तुम्ही ज्याच्या जवळ असाल तिकडे. मोबाईलला रेंज नसते, हे गृहीत धरून गाडी निघण्याच्या तोंडाशी लावलेली असावी.

दुसरा चावरा डोळ्याला दिसत नाही. 2018 साली नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली होती, ती गवता-झुडपातल्या बारीक किड्यामुळे होते. गवतावर थेट बसू-झोपू नका, पँट मोज्यात खोचा. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आठवणीनं सांगा, आणि अंगावर सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग असेल तर तो दाखवा. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी उतरतं.

डोहात साबण लावून अंघोळ करू नये. वाहतं पाणी नसतं, शाम्पू तिथेच राहतो, आणि खालच्या गावातल्या बायका तिथूनच पाणी भरतात. बादलीत पाणी घ्या, 70-80 पावलं दूर जाऊन धुवा-न्हा. संडासची सोय नसेल तर तेवढंच अंतर आणि वीतभर खोल खड्डा. प्यायचं पाणी उकळून.

सकाळी निघायची घाई नको. तंबूवरचं दहिवर उन्हानं सुकायला नऊ-साडेनऊ वाजतात. तोवर गावात जाऊन गवळ्याकडचा खवा मिळतो का बघा, भाव करत बसू नका. आणि तंबू ओलाच गुंडाळावा लागला, तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी गच्चीवर उघडून टाका. नाहीतर पुढच्या वेळी पिशवी उघडाल तेव्हा काळी बुरशी धरलेली असेल, आणि ती धुवून जात नाही.

नमस्कार.