टाकी मोठी केली, तरी शॉवर बारीकच

नमस्कार मंडळी, आज जरा पाण्याच्या दाबाबद्दल बोलूया, म्हणजे आपण प्रेशर म्हणतो ते. आमच्या वरच्या मजल्यावर शॉवरला पाणी नुसतं ठिबकायचं, म्हणून गच्चीवरची ५०० लिटरची टाकी काढून १००० ची बसवली, उंचीला तेवढीच, घेर मोठा, म्हटलं पाणी डबल तर जोर पण डबल, पण कॉक सोडला तर धार हाय तशीच! मग प्लंबरमामा आले, वर बघितलं, आणि टाकीखाली चार फुटी लोखंडी स्टँड मारून दिला. बास, त्याच टाकीतनं शॉवर मस्त सुरू झाला.

कारण दाब हा पाणी किती आहे यावर नसतो, डोक्यावर किती उंचीचं पाणी उभं आहे यावर असतो. दर १० मीटर खोलीला एका चौरस सेंटीमीटरवर साधारण १ किलोचा भार वाढतो, मग ते पाणी रंकाळ्यातलं असू दे नाहीतर बोटभर पाइपातलं. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे अंगानं माहिती आहे, दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढं, खाली जाऊन तळाची माती आणायची पैज लावली की कान कसे दडपतात बघा, आणि तिथं डोकं कसंही फिरवा, दडपण तेवढंच, कारण त्या खोलीवर पाणी सगळ्या बाजूंनी सारखंच दाबतं. मला तर ही गोष्ट अजून नवलाची वाटते.

पोरांना दाखवायचं तर प्लास्टिकच्या बाटलीला वर, मधे, खाली अशी तीन भोकं पाडा, पाणी भरा, टोपण काढून ठेवा. खालच्या भोकाची धार सगळ्यात जोरात सुटते, आणि पाणी उतरत जाईल तशी डोळ्यादेखत मंदावते.

आता शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं आपलं राधानगरी धरण घ्या. मागं पाणी कितीही लांब पसरलेलं असू दे, भिंतीवरचा दाब ठरतो तो भिंतीपाशी पाणी किती खोल आहे त्यावर, म्हणून तर धरणाची भिंत पायाशी रुंद आणि वर निमुळती बांधतात. आणि तिथले ते ७ स्वयंचलित दरवाजे, ज्यांच्या बातमीकडं पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर कान लावून बसतं, ते उघडायला कुणी बटण दाबत नाही, पाणी ठरलेल्या उंचीला टेकलं की पाण्याचा दाबच त्यांना उघडतो.