शाहू स्टेडियम : पेठांचं मैदान

दुपारचं ऊन अजून उतरलेलं नाही, आणि मंगळवार पेठेतून, शिवाजी पेठेतून पोरं निघालीत. कुणी चालत, कुणी एका गाडीवर तिघं. खांद्यावर आपापल्या तालमीचा झेंडा. आज कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच आहे.

आज जिथं हिरवळ दिसते, तिथं एके काळी पाणी होतं. हा रावणेश्वर तलाव. जुन्या कोल्हापुरात असे बरेच तलाव होते. शहर वाढत गेलं तसे ते बुजत गेले. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली आणि रावणेश्वराच्या जागी खेळाचं मैदान उभं राहिलं. तलाव गेला, पण रावणेश्वराचं मंदिर आजही शेजारी आहे.

इथून खासबाग फार लांब नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीसाठी ते मैदान उभारलं. पेठापेठांतल्या तालमींना राजाश्रय होता. पहाटे उठायचं, जोर-बैठका मारायच्या, वस्तादांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही शिस्त तिथली. संस्थानकाळात फुटबॉल कोल्हापुरात आला तेव्हा त्याला सांभाळायला ही माणसं आणि ही शिस्त तयारच होती. म्हणून तर इथल्या संघांची नावं ऐका. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. तांबड्या मातीत घुमणाऱ्या तालमींनी चेंडूलाही आपलं मानलं. भारतात फुटबॉलवेडी शहरं आणखीही आहेत. पण कोल्हापूरच्या फुटबॉलची मुळं तालमीत आहेत, आणि हेच त्याचं खरं बळ आहे.

१९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. सगळे तिला केएसए म्हणतात. छत्रपती घराण्याचं पाठबळ तिला सुरुवातीपासून मिळालं. खेळाडूंची नोंदणी, वरिष्ठ गटाची लीग, पंच, नियम, सगळं केएसए बघते. लीग संपली की बाद पद्धतीच्या स्पर्धा लागतात. महापौर चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक अशा स्पर्धा इथं झाल्या आहेत. हिवाळ्यात सुरू झालेला हंगाम उन्हाळा संपेपर्यंत चालतो.

आणि मग येते ती लढत, जिची पेठा आठवडाभर वाट बघतात. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ. गॅलरीच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. हलगी कडाडते, शिट्ट्या वाजतात. मैदानातला पोरगा गॅलरीतल्या माणसाला परका नसतो. कुणाचा भाचा, कुणाचा वर्गमित्र, कुणाच्या गल्लीतला. पास चुकला तर संध्याकाळी कट्ट्यावर त्याला जाब द्यावा लागतो, आणि टायब्रेकरला गोलकीपरनं फटका अडवला तर तो पेठेत खांद्यावरून जातो. मधल्या काळात संघांनी नायजेरिया, घानाचे खेळाडू आणले. प्रेक्षकांनी त्यांनाही आपल्या पेठेचंच करून टाकलं.

या ईर्षेनं कधी कधी मर्यादा ओलांडली, हेही सांगायला हवं. समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या, सामने थांबले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ज्या मैदानासाठी पेठा जीव टाकतात, तेच बंद ठेवायची वेळ यावी, याचं दुःख वाटतं. कारण त्याचा भुर्दंड हुल्लड करणाऱ्याला बसत नाही. वर्षभर घाम गाळलेल्या अठरा वर्षांच्या खेळाडूचा हंगाम मात्र वाया जातो.

अशा खेळाडूंचं पुढं काय होऊ शकतं, ते २०१७ साली सगळ्या देशानं पाहिलं. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. निखिल कदम कोलकात्याच्या मोहन बागान क्लबकडून खेळला. याच शहराच्या गल्ल्यांमधून ही पोरं वर आली.

त्याच २०१७ च्या अखेरीस इंडियन विमेन्स लीग या महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेची पात्रता फेरी शाहू स्टेडियमवर झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या मुली इथं खेळल्या. फुटबॉल कळणारं गाव आहे, चांगल्या पासला दाद कशी द्यायची हे त्याला सांगावं लागत नाही. आता आपल्या पेठेतल्या मुलींसाठीही ही गॅलरी तशीच गच्च भरायला हवी. मुलाला बूट घेऊन देणारं घर मुलीसाठीही तेवढाच खर्च करेल, तेव्हा तालमींच्या नावानं मुलींचे संघही इथं उतरतील.

मृग लागला की सामने थांबतात. कोल्हापूरचा पाऊस मैदानाला सक्तीची विश्रांती देतो. महिनोन्‌महिने बुटांखाली तुडवलेली हिरवळ पुन्हा धरते, खड्डे बुजवले जातात, गोलपोस्टसमोरची उघडी पडलेली माती झाकली जाते. पेठेत मात्र चर्चा थांबत नाही. कोण कुठल्या संघात जाणार, कोण आपल्याच तालमीत राहणार, कुठल्या शाळेतला कुठला पोरगा डाव्या पायानं जोरात मारतो, याचा हिशोब केएसएची नोंदणी सुरू होईपर्यंत चालूच असतो.