मित्रानं सांगितलेलं गुपित

नमस्कार श्रोतेहो.

जून-जुलै आला की कोल्हापुरात नवी पोरं उतरतात. आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावड्याकडनं कुणी कॉलेजला येतं, कुणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीला. कॉट बेसिसवर खोली, महिन्याची मेस आणि अभ्यासिकेत एक खुर्ची. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पाठोपाठ वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. बाहेरगावच्या पोरांना सांभाळायची या शहराला तेव्हापासूनची सवय आहे. त्या सांभाळण्यातल्या सगळ्यात अवघड भागाविषयी आज बोलतो आहे. तरुणांच्या आत्महत्या, आणि त्या टाळण्यात सोबतच्या पोरांचा वाटा.

२०२२ या एका वर्षात देशभरात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची सरकारी नोंद झाली. कारण सहसा एकटं नसतं. निकाल, पैसे, प्रेमभंग, घरातली भांडणं आणि पुष्कळदा नैराश्यासारखा बरा होऊ शकणारा आजार, हे सगळं एकावर एक साठत जातं. म्हणून ‘नापास झाला म्हणून जीव दिला’ असं चौकात बसून एका वाक्यात सांगू नये. ऐकणाऱ्यांत दुसरं एखादं नापास झालेलं पोर असतं.

असं पोर मनातलं आधी कुणाला सांगतं? आईवडिलांना क्वचितच, कारण त्यांनी शेतावर कर्ज काढून फी भरलेली असते. ते सांगतं रूम पार्टनरला, रात्री रंकाळ्याच्या कट्ट्यावर. ‘मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल.’ आणि लगेच, ‘कुणाला बोलू नकोस हं, शप्पथ आहे तुला.’

ही शपथ मोडा. मित्र रागावेल, चार महिने बोलणार नाही, तरी मोडा. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानं एवढं ओझं एकट्यानं वाहायचं नसतं आणि त्याला ते पेलतही नाही.

त्याच्याआधी एक काम आहे, सरळ विचारायचं. मेसचा डबा तसाच परत जातो, रात्रभर झोप नाही, फुटबॉलला येणं बंद, आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या, असं दिसलं तर बाजूला घेऊन विचारा, ‘भावा, जीव द्यायचे विचार येतात का रे?’ असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार भरतो, ही भीती खोटी आहे. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. मग ऐका. ‘एवढ्याशा गोष्टीवरनं काय?’ हे म्हणू नका. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, आणि भरवशाच्या मोठ्या माणसाला त्याच रात्री उठवा.

हे शिकवता येतं. युरोपातल्या दहा देशांत साधारण पंधरा वर्षांच्या ११ हजारांवर विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटातल्या मुलांनी वर्गात असे प्रसंग वठवले, त्यावर आपापसांत चर्चा केली. वर्षभरानंतर त्या गटात आत्महत्येचे प्रयत्न, हा कार्यक्रम न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, जवळपास निम्मे होते. त्याला लागले जेमतेम पाच तास! आपल्या वसतिगृहांनी, अभ्यासिकांनी, तालीम मंडळांनी वर्षातले पाच तास यासाठी काढावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘पोलीस केस होईल’ म्हणून दवाखान्यात न्यायला पोरं कचरतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. जीव धोक्यात असेल तर थेट दवाखाना गाठा किंवा ११२ ला फोन करा.

वॉर्डन, घरमालक, मेसच्या मावशी, शिक्षक, तुम्हालाही सांगतो. रात्री एखादं पोर घाबरंघुबरं होऊन मित्राबद्दल सांगायला आलं, तर ‘आत्ता सांगतोस होय?’ म्हणून त्याच्यावर डाफरू नका. चप्पल घाला आणि त्याच्याबरोबर निघा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि मित्राला सावरायला धावलेल्या पोराची स्वतःची झोप उडाली असेल, तर त्यानंही याच नंबरवर फोन करावा. तो त्याच्यासाठीही आहे.