बसचं भाडं, क्लिनिकबाहेरचा बाक आणि 14 आज्या

नमस्कार मंडळी. आजचा विषय माझ्या कागदावर असा लिहून आलाय, एकाकी आणि आर्थिक अडचणीतल्या व्यक्तींसाठी सामुदायिक आरोग्य उपक्रम. एवढं ऐकून निम्म्या लोकांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असणार, तर थांबा जरा, कारण या विषयाच्या पोटात एक गोष्ट आहे आणि ती मी संधी मिळेल तिथे सांगतो, आमच्या घरचे तर आता तिचं पहिलं वाक्य ऐकलं की उठून आत जातात. तुम्ही मात्र बसा.

आधी थोडे आकडे, पटकन उरकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा 2025 च्या जूनमध्ये एक रिपोर्ट आला, त्यात म्हटलंय की जगात साधारण 6 माणसांमागे 1 माणूस एकटेपणाने त्रासलेला आहे, आणि वर्षाला 8 लाख 71 हजारांच्या वर मृत्यू एकटेपणाशी जोडलेले आहेत. आता यात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं सांगू? आपण समजतो एकटेपणा हा श्रीमंतांचा आजार, मोठं घर, मुलं परदेशात वगैरे. रिपोर्ट उलट सांगतो. गरीब देशांत जवळजवळ 24 टक्के लोक म्हणाले की आम्हाला एकटं वाटतं, आणि श्रीमंत देशांत 11 टक्के. पुन्हा सांगतो, गरीब देशांत 24, श्रीमंत देशांत 11. दुपटीहून जास्त! आणि विचार केला तर नवल नाही त्यात, पैसा आटला की माणूस आधी लोकांकडे जाणं सोडतो, मग फोन उचलणं सोडतो, कारण समोरचा विचारणार काय चाललंय आणि सांगण्यासारखं काही नसतं, आणि मग लोकही हळूहळू विचारायचं सोडतात.

बरं, संपले आकडे. आता गोष्ट.

गोष्ट झिम्बाब्वेची. राजधानी हरारे. तिथे डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचार डॉक्टर आहेत. मानसोपचार डॉक्टर म्हणजे तिथे किती दुर्मिळ, तर त्या काळी सव्वा कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या देशात असे डॉक्टर जेमतेम डझन दीड डझन. तर 2005 मध्ये त्यांच्या एका तरुण पेशंटच्या आईचा फोन आला. मुलीने जीव द्यायचा प्रयत्न केला होता, ती लांबच्या गावच्या हॉस्पिटलमध्ये होती. डॉक्टर म्हणाले, तिला जरा बरं वाटलं की हरारेला माझ्याकडे घेऊन या. ठरलं. डॉक्टर वाट बघत राहिले. काही आठवड्यांनी आईचा पुन्हा फोन आला, मुलगी गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, अहो ठरलं होतं ना, आला का नाहीत? आई म्हणाली, हरारेला यायला बसचे 15 डॉलर नव्हते.

15 डॉलर. औषध होतं, डॉक्टर होते, यायची तयारी होती. बसचं भाडं नव्हतं.

इथे मध्येच थांबून एक सांगतो, गोष्ट पुढे जाईलच. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, किंवा घरातल्या कुणाबद्दल काळजी वाटत असेल, तर टेलि मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर 14416, चोवीस तास, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. एक चार चार एक सहा. लिहून ठेवा, लागत नसला तरी ठेवा.

हां, तर चिबांडांच्या डोक्यातून ते 15 डॉलर जाईनात. पेशंट हॉस्पिटलपर्यंत येऊ शकत नाही तर आपण हॉस्पिटलात बसून करतोय काय, असा त्यांचा प्रश्न. त्यातच त्याच 2005 साली तिथल्या सरकारने झोपड्या आणि रस्त्यावरचे धंदे पाडायची मोहीम काढली, ऑपरेशन मुरांबात्स्विना, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 7 लाख लोकांचं घर किंवा पोट किंवा दोन्ही गेलं. विचार करा, घर पडलेलं, धंदा पडलेला, शेजारी कुठे पांगले पत्ता नाही, आणि डॉक्टर डझनभर.

डॉक्टर वरिष्ठांकडे गेले. काहीतरी करायचंय, नर्स द्या. नर्स नाहीत. बरं खोली द्या. क्लिनिकमध्ये खोली पण नाही. मग आहे काय? तर म्हणे आज्या आहेत. 14 आज्या. म्हणजे शहराच्या आरोग्य खात्यासाठी आधीपासून वस्तीत काम करणाऱ्या म्हाताऱ्या बायका, लसीकरणाचं सांगणं, आजाऱ्याची चौकशी, अशी कामं करायच्या, शिक्षण बेताचं. चिबांडांनी स्वतःच नंतर सांगितलंय की तेव्हा त्यांचा यावर विश्वास नव्हता, मोठं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरच्या हातात आज्या ठेवल्या तर त्याला कसं वाटेल! आणि जागा? जागा म्हणजे बाहेरचं अंगण. मग अंगणात एक लाकडी बाक टाकला. हे 2006 साल, हरारेची म्बारे नावाची वस्ती.

बाकाला नाव दिलं मेंटल हेल्थ बेंच. झालं! कोण बसणार? चारचौघात त्या बाकावर बसणं म्हणजे आपल्या डोक्यात बिघाड आहे अशी जाहिरातच. आज्या म्हणाल्या हे नाव काढा, मैत्रीचा बाक म्हणा. मग लोक यायला लागले. डॉक्टरकीच्या पुस्तकातली नावंही आज्यांनी बाजूला ठेवली, वस्तीतले लोक ज्याला फार विचार करणं म्हणतात तेच त्यांनी धरलं, कारण तसं विचारलं की माणूस बोलतो.

आता बाकावर होतं काय, हे नीट ऐका कारण इथेच सगळे चुकतात, लोकांना वाटतं आजी डोक्यावरून हात फिरवते आणि सगळं गोड होतं. तसं नाही. आधी 14 प्रश्न असतात, हो किंवा नाही एवढंच उत्तर, गेल्या आठवड्यात झोप लागली का, रडू आलं का, जगू नये असं वाटलं का, असे. जीवाला धोका दिसला तर आजी तिथे थांबत नाही, लगेच वरच्या माणसाकडे पाठवते. बाकीच्यांशी ती बोलते. म्हणजे ऐकते. समजा एक बाई आली, तिचं भाडं थकलंय, नवरा आजारी, तिला स्वतःला औषधं चालू आहेत आणि हे घरात कुणाला माहीत नाही, मुलाची फी भरायचीय, बहिणीशी भांडण. सगळं एकदम अंगावर येतं आणि माणूस गोठतो ना, तसं झालेलं. आजी काय करते, सगळे प्रॉब्लेम मोठ्याने मोजून घेते आणि विचारते, यातला पहिला कुठला धरायचा? बाई म्हणेल, नवऱ्याला सांगायचं कसं ते आधी. किंवा म्हणेल भाडं. आपल्याला वाटेल अगं आधी तब्येत, पण नाही, आजीने मध्ये बोलायचं नाही. एकच प्रॉब्लेम, आणि तो तिने निवडायचा. मग त्यावर काय काय करता येईल तेही तिनेच सुचवायचं, आजी फक्त विचारत राहते, बरं, मग पुढे? उद्या सकाळी काय करशील? पुढच्या आठवड्यात परत यायचं आणि काय झालं ते सांगायचं. साधारण 6 वेळा असं बसायचं.

पुन्हा सांगतो. एकच प्रॉब्लेम, आणि तो समोरच्याने निवडायचा.

हे वाटतं तितकं सोपं नाही हो. आपल्याकडे कुणी दुखणं सांगितलं की आपण तिसऱ्या वाक्याला सल्ला देतो आणि पाचव्या वाक्याला स्वतःचं दुखणं सांगायला लागतो. माझं तर मत आहे की न टोकता ऐकणं शाळेत गणिताच्या बरोबरीने शिकवायला पाहिजे, परीक्षा घेऊन, आणि नापास करायला पाहिजे, निदान टीव्हीवर चर्चा करणाऱ्यांना तरी, असो, तो वेगळा विषय.

आणि बाकावरचं बोलणं झालं की विषय संपत नाही. तिथून एका गटात जायचं, तिथे सगळे याच बाकावरून गेलेले लोक, गोल करून बसतात, बोलतात, आणि बोलता बोलता हात चालू, जुन्या प्लास्टिकपासून विणून पिशव्या करतात आणि विकतात. मला विचाराल तर सगळी हुशारी इथे आहे. कारण पैशाची अडचण असलेल्या माणसाला नुसतं सकारात्मक विचार करा सांगणं हा मला अपमान वाटतो. त्याच्या मनाचं दुखणं आणि खिशाचं दुखणं वेगळं करताच येत नाही. गटात दोन्ही एकत्र होतं, ओळखीपण होतात आणि चार पैसेपण येतात, आणि आपण नुसते मदत घेणारे नाही, काहीतरी करणारे आहोत हे होतं ते वेगळंच.

तुम्ही म्हणाल गोष्ट छान आहे पण खरंच उपयोग होतो का? चिबांडांनाही लोक हेच विचारायचे. म्हणून त्यांनी रीतसर ट्रायल केली, हरारेतली 24 क्लिनिकं, 573 माणसं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी क्लिनिकं दोन भागात वाटली. अर्ध्यांमध्ये नेहमीचे उपचार, ते पण जरा सुधारून, आणि अर्ध्यांमध्ये आजीचा बाक. 6 महिन्यांनी बघितलं तर नेहमीच्या उपचारवाल्यांत 50 टक्के लोकांना डिप्रेशनची लक्षणं होती, आणि बाकवाल्यांत 14 टक्के. 50 आणि 14. हे 2016 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलंय.

मग काय, गाजला बाक. मलावीत गेला, झांझिबारला गेला, न्यूयॉर्कला गेला, तिथे आज्यांऐवजी स्वतः व्यसनातून किंवा मानसिक आजारातून बाहेर आलेले लोक बसवले. 2022 च्या फुटबॉल वर्ल्ड कपला कतारमध्ये 32 टीमच्या नावाने 32 बाक मांडले होते. यावर मी जरा नाक मुरडतो. बाक म्हणजे काय, लाकूड आहे. त्यावर ट्रेनिंग घेतलेली, दर आठवड्याला त्याच वेळी येणारी, मागच्या वेळचं लक्षात ठेवणारी बाई बसली तर तो दवाखाना, नाहीतर फोटो काढायची जागा. आणि बाकांवरून आठवलं, हल्ली सार्वजनिक ठिकाणी बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा घालतात, कुणी आडवं होऊ नये म्हणून, तो कुणाच्या डोक्यातून निघाला मला माहीत नाही, पण बेघर माणसाला हाकलायच्या नादात दोन म्हाताऱ्यांना जवळ बसून बोलायचीसुद्धा सोय ठेवली नाही, एकमेकांचं ऐकू येत नाही त्यांना, कान तरी कुठे धड असतात!

वेळ कमी उरलाय, एक शेवटचं उदाहरण पळत पळत सांगतो. इंग्लंडमध्ये सॉमरसेट भागात फ्रोम नावाचं छोटं शहर आहे. तिथे डॉक्टर हेलन किंग्स्टन यांच्या दवाखान्याने 2013 मध्ये वेगळं काहीतरी सुरू केलं, गावात कुठे कुठे काय चालतं, गाण्याचा ग्रुप, पुरुषांचं सुतारकाम, कर्जाबद्दल सल्ला देणारे, याची एकच यादी केली आणि पेशंटला त्याच्या हाताला धरून तिथे पोचवणारी माणसं नेमली. नुसता पत्ता हातात द्यायचा नाही, पहिल्यांदा सोबत जायचं. शिवाय टॅक्सीवाले, केस कापणारे, अशा रोज दहा माणसांशी बोलणाऱ्यांना शिकवलं की कुणी खचलेलं वाटलं तर कुठे पाठवायचं. काही वर्षांत तिथे इमर्जन्सीत हॉस्पिटलला भरती होणारे 14 टक्क्यांनी कमी झाले, आणि त्याच काळात सगळ्या सॉमरसेटमध्ये ते 28 टक्क्यांच्या वर वाढले होते. ही काही हरारेसारखी रीतसर ट्रायल नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय यालाच देता येत नाही, पण दखल घ्यावी असं आहे खरं.

आता ज्यांच्या मनात आलं असेल की आपल्या मंडळात, सोसायटीत, ज्येष्ठ नागरिक संघात असं काही काढू, त्यांना माझं एक सांगणं आहे आणि ते पैशाचं आहे. सगळे हे ऐकून म्हणतात वा, किती स्वस्त, म्हाताऱ्या बायका फुकटात काम करतात. फुकटात का? दिवसभर लोकांची दुःखं ऐकायची, ती घरी घेऊन जायची, परत दुसऱ्या दिवशी तिथे हजर, आणि मोबदला काय तर शाल आणि श्रीफळ? हरारेच्या आज्यांना पाठीशी अनुभवी माणूस होता, अडलं की फोन करायला नंबर होता, आणि त्या आरोग्य खात्याच्याच होत्या, वाटेल तेव्हा बोलावून वाटेल तेव्हा विसरायच्या नव्हत्या. तेव्हा बाकाचं बजेट करायच्या आधी आजीचं करा, तिचं मानधन, तिचा फोन, तिची यायची जायची सोय. हो, बसचं भाडंसुद्धा. बाक काय, कुठल्यातरी शाळेचा जुना पडलेला मिळेल.

चला, मला काचेपलीकडून खुणा व्हायला लागल्यात. नमस्कार.