वाचता येऊ नये असं पोस्टर

हे पोस्टर वाचून बघा. घाई नको.

एका बाईचा चेहरा, डोळ्यांवर मोठा गॉगल. काचांवर नक्षी आहे असं वाटतं ना? ती अक्षरं आहेत. क्लब मॅट्रिक्स, बँड चेंबर्स ब्रदर्स. शहर सॅन फ्रान्सिस्को, साल १९६७. सापडलं? मग चित्रकाराचं काम झालं, कारण तेवढा वेळ तुम्ही हललाच नाहीत.

चित्रकाराचं नाव व्हिक्टर मोस्कोसो. जन्म स्पेनमधल्या गॅलिसियातला, लहानपण ब्रुकलिनमध्ये. शिक्षण आधी कूपर युनियनमध्ये, मग येल विद्यापीठात. तिथं रंग शिकवायला जोसेफ अल्बर्स होते. म्हणजे रंगांच्या बाबतीत मास्तर याहून मोठा मिळणं अवघडच.

१९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉक संगीताच्या कार्यक्रमांच्या पोस्टरांचा धडाका सुरू झाला. त्या गर्दीत हा चित्रकला रीतसर शिकलेला, आणि सुरुवातीला नेमकं तेच आडवं आलं. पोस्टर साधं हवं, अक्षर सुटसुटीत हवं, मजकूर लांबून झटकन वाचता यायला हवा, रंग डोळ्यांना टोचता कामा नयेत, हे सगळं अंगात मुरलेलं. पहिली पोस्टरं त्याची त्यालाच आवडेनात. शेवटी त्यानं एकेक नियम घेतला आणि उलटा केला.

आता हा लाल आणि हा निळा बघा. रंगचक्रावर दोघं लांब लांब, पण गडदपणा तंतोतंत सारखा. मधली कड बघा. थरथरते की नाही? पुढचं कुठलं, मागचं कुठलं, डोळ्याला ठरवता येत नाही. हे अल्बर्सच्या वर्गातलंच. तिथं हे रंग सांभाळून वापरायला शिकवायचे, यानं मुद्दाम भांडायला लावले.

'निऑन रोझ' ही पोस्टरमालिका त्यानं स्वतःच काढली, हक्कही स्वतःकडे ठेवले. चित्रकारात असा व्यवहार क्वचित दिसतो.

(खोलीत अंधार. लाल दिवा लागतो, विझतो. निळा दिवा लागतो.)

या पोस्टरात फुलपाखराचे पंख लावलेली नर्तकी आहे. लाल उजेडात लाल शाई कागदात मिसळून जाते, निळी रेघ काळीभोर दिसते. निळ्या उजेडात उलट. दिवे आलटूनपालटून लावा, पंख हलतात. भिंतीवर चिकटवलेला कागद, पण सिनेमा!

१९६८ मध्ये व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रम्बनं मोस्कोसोला आपल्या 'झॅप' या कॉमिक्सच्या दुसऱ्या अंकात बोलावलं. भूमिगत कॉमिक्सची ती दुनिया, सेन्सॉरच्या शिक्क्याला न जुमानणारी. इतरांची पात्रं तिथं भांडत, शिव्या घालत, भरपूर बोलत. मोस्कोसोच्या चौकटींत मात्र एक आकार वितळून दुसरा होतो, दुसऱ्याचा तिसरा. संवाद शोधत बसू नका. पोस्टरात अक्षरं लपवणाऱ्यानं इथं ती जवळजवळ काढूनच टाकली होती.