खांबाआडचं फेनवे

श्रोतेहो, नमस्कार.

बाबांच्या ट्रान्झिस्टरवर बाळ ज. पंडितांचं धावतं समालोचन ऐकत मी क्रिकेट शिकले. प्रत्यक्ष मैदान पाहिलं ते फार नंतर. त्यामुळे लेकीकडे बॉस्टनला गेल्यावर संध्याकाळी पोळ्या लाटताना रेडिओ लावायची सवय काही सुटली नाही. तिथं क्रिकेट कुठलं? बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचा बेसबॉल. दोन उन्हाळ्यांत मी इतकी तयार झाले की चेंडू डावीकडच्या 'ग्रीन मॉन्स्टर'वर, म्हणजे त्यांच्या मैदानातल्या उंच हिरव्या भिंतीवर, आदळला म्हटलं की लाटणं हातात तसंच राहायचं.

२०१२ साली लेकीनं रेड सॉक्सच्या मैदानाची, फेनवे पार्कची, तिकिटं काढली. १९१२ सालचं हे मैदान, त्या वर्षी शंभरीचं झालेलं. संघ मात्र तळाला होता. पण माणसं खच्चून भरलेली!

खेळ सुरू व्हायच्या आधी लेकीनं उजवीकडच्या उघड्या स्टँडात नेलं. हिरव्या खुर्च्यांच्या रांगांत एकच खुर्ची लाल. ९ जून १९४६ ला रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सनं मारलेला चेंडू तिथं बसलेल्या माणसाच्या गवती टोपीवर पडला होता. अंतर ५०२ फूट. तिथून होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर उभा राहतो तिकडे, पाहिलं तर तिथला माणूस एवढासा दिसतो, करंगळीच्या नखाएवढा. टोपीला भोक पडलं म्हणतात. डोकं वाचलं, हे महत्त्वाचं.

मग आमच्या जागेवर आलो आणि बघते तर काय, समोर लोखंडी खांब! छताला टेकू देणारे असे खांब तिथं जागोजागी आहेत. लाकडी खुर्ची अरुंद, आणि माझा बॅटर नेमका खांबाआड. पिचर चेंडू टाकायचा, तो खांबात शिरायचा, टक्‌कन आवाज यायचा आणि चेंडू खांबातूनच बाहेर पडावा तसा उडायचा. लेक म्हणाली, "आई, सॉरी गं." मी पर्समधून छोटा रेडिओ काढला, कानात वायर घातली. लोक आधी ओरडायचे, समालोचक मागाहून सांगायचा. हजारो मैल येऊन मी पुन्हा रेडिओच ऐकत होते!

पण समोरची ती हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर, मात्र पूर्ण दिसत होती. तिची उंची मला पाठ होती, ३७ फूट २ इंच. ती इतकी जवळ असेल हे कधी मनात आलं नव्हतं. होम प्लेटपासून जेमतेम ३१० फूट! मागे लान्सडाउन रस्ता, मैदान पसरणार तरी कुठे? म्हणून दुसरीकडे सहज झेल झाला असता असा उंच चेंडू इथं भिंतीला लागून खाली पडतो आणि बॅटर दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, जाऊन उभा. उलट जोरात, सपाट मारलेला चेंडू भिंतीवरून असा परततो की एका बेसवर समाधान मानावं लागतं. रेडिओवर मला हे अन्यायाचं वाटायचं. तिथं बसल्यावर मजा वाटली.

भिंतीच्या पोटातच धावफलक आहे, अजून हातानं बदलायचा. आत माणसं बसतात. फलकातल्या फटीतून ती खेळ बघतात, हे समालोचकानं मला कधी सांगितलं नव्हतं. एक इनिंग संपली, शून्याची पाटी सरकली आणि त्या अंधारात क्षणभर कोपरापर्यंत एक हात दिसला. मी हात हलवला. लेक म्हणाली, "कोणाला गं?"